कान्हेरीचा ओसाड विहार आणि तिथे आलेली माणसे

कान्हेरी हा मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील, काळ्या बेसाल्ट खडकात कोरलेला बौद्ध विहार. शंभराहून अधिक लेण्यांचा हा डोंगर इ.स.च्या पहिल्या शतकापासून जवळपास हजार वर्षे नांदता होता. शिलालेखांत त्याचे नाव ‘कण्हगिरि’, म्हणजे कृष्णगिरी.

विहाराचा इतिहास ग्रंथांपेक्षा भिंतींवरच जास्त सापडतो. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या व्यापाऱ्यांनी, सोनार-लोहारांनी लेणी आणि ‘पोढी’ दान दिल्या आणि तसे कोरून ठेवले. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. लेण्याच्या अंगणात, बसायच्या दगडी बाकाजवळच, जमिनीत एक चौकोनी तोंड दिसते. डोंगरावरचे पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून तिथे उतरते. काही दात्यांनी ‘अक्षयनीवी’ ठेवली: मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून भिक्षूंना चीवर, म्हणजे अंगावरची वस्त्रे, द्यायची. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, ग्रंथांसाठीही असा निधी ठेवल्याची नोंद आहे.

सर्वांत विलक्षण लेख लेणे क्र. ९० मधले. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये पारशी मंडळी इथे आली आणि पहलवी या जुन्या इराणी लिपीत, यज्दगर्दी ही इराणी कालगणना वापरून, आपली व आपल्या वडिलांची नावे कोरून गेली. दान नाही, नवस नाही, फक्त आल्याची नोंद. पारशांच्या भारतातील सुरुवातीच्या काळाचे इतके पक्क्या तारखेचे पुरावे फार थोडे आहेत, म्हणून या ओळींचे मोल मोठे.

सोळाव्या शतकात साष्टी, म्हणजे कान्हेरी ज्यावर आहे ते बेट, पोर्तुगीजांकडे गेली. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी क्र. ३ च्या चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे, चर्च केले. त्याच्या ओसरीतील दोन्ही टोकांच्या उंच बुद्धमूर्ती मात्र जागच्या जागी राहिल्या. इथले भुयार थेट गुजरातेतल्या खंबायतपर्यंत जाते अशी दंतकथा होती. ते शोधायला एक पाद्री शिधा घेऊन आत शिरला आणि सात दिवस हिंडून परतला, असे दियोगो दो कुतो या इतिहासकाराने लिहिले आहे.

एकोणिसाव्या शतकात पाहुणे कुदळ घेऊन आले. १८३९ मध्ये जेम्स बर्ड यांनी चैत्यगृहासमोरचा स्तूप खणला. त्यात त्रैकूटक राजघराण्याच्या संवत २४५ चा, म्हणजे पाचव्या शतकाच्या अखेरचा, ताम्रपट निघाला. खणण्याची ती पद्धत आज कुणालाही खटकेल, कारण स्तूप त्यात गेलाच. त्यामानाने रेल्वेचे अभियंते ई. डब्ल्यू. वेस्ट यांचे काम सोशिक होते. त्यांनी लेखांच्या नकला उतरवल्या, आणि पुढे पहलवी लेख वाचले तेही त्यांनीच.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी इथल्या लेखांचा समग्र अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. डोंगराच्या एका लांब कपारीत विटांच्या लहान लहान स्तूपांची रांग आहे. ती दिवंगत स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, ‘निर्वाणवीथी’ असल्याचे त्यांनी तिथल्या लेखांवरून दाखवले. दात्यांची आणि पाहुण्यांची नावे आधीच वाचली गेली होती. तिथे राहणाऱ्यांची नावे या कपारीतल्या दगडांवर मिळाली.