फोटोखालचं नाव : होमाई व्यारावाला यांच्या कामाची पार्श्वभूमी

स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांवर कुठे काही छापायचं म्हटलं की ठरावीक कृष्णधवल फोटो बाहेर निघतात. लाल किल्ल्यावरचा तिरंगा, हातातलं कबुतर उडवणारे नेहरू. त्यांतले कितीतरी होमाई व्यारावाला यांनी काढलेले आहेत. पण त्यांच्या सुरुवातीच्या फोटोंखाली त्यांचं नाव नसायचं.

होमाईंचा जन्म १९१३ चा, नवसारीच्या पारशी घरातला. वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. शिक्षण मुंबईत झालं, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही त्या शिकल्या. तेराव्या वर्षी माणेकशा भेटले, पुढे तेच त्यांचे पती झाले, आणि कॅमेरा शिकवला तोही त्यांनीच. महिला मंडळाच्या सहलीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने घेतले, एका फोटोला एक रुपया देऊन. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांचे फोटो येऊ लागले, पण माणेकशांच्या नावाने. बाईचं नाव, तेही अनोळखी, कोण छापणार? याचा राग माणेकशांवर काढावा असं मला वाटत नाही. घर आणि कॅमेरा, दोन्ही त्या दोघांनी मिळून सांभाळलं. पुढे होमाईंनी स्वतःच एक टोपणनाव घेतलं, ‘डालडा १३’. जन्म १९१३ चा, माणेकशा भेटले तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३.

१९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेली, ब्रिटिश माहिती खात्याच्या कामावर. त्याच वर्षी मुलगा झाला. अंगावर साडी, खांद्याला जड कॅमेरा, दिल्लीभर फिरायला सायकल. त्या वेळचा फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा. फोटो काढला की तापलेला बल्ब काढून नवा बसवायचा, तोवर समोरचा क्षण गेलेला असायचा. सगळे पुरुष फोटोग्राफर धक्काबुक्की करत असताना नेमकं बटण कधी दाबायचं, हे त्यांना कळत होतं. त्यांचं खरं कसब मला यातच दिसतं.

एक फोटो मात्र राहून गेला. ३० जानेवारी १९४८ ला त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. उद्या दोघं मिळून जाऊ, असं म्हणून माणेकशांनी त्यांना परत बोलावलं. त्याची हळहळ होमाईंना जन्मभर राहिली.

१९६९ मध्ये माणेकशा गेले. पुढच्याच वर्षी होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा, आणि मुलाकडे पिलानीला गेल्या. तिथून पुढे बडोद्याला. १९८९ मध्ये कर्करोगाने मुलगाही गेला. त्यानंतर बडोद्याच्या घरात त्या एकट्याच राहिल्या. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं तेव्हा वय सत्त्याण्णव होतं. १५ जानेवारी २०१२ ला त्या गेल्या.