नायकी : ऑलिंपिक पदकावरील देवता

ग्रीक पुराणकथांतील विजयाची पंखधारी देवता. मूळ ग्रीक उच्चार ‘नीके’. उन्हाळी ऑलिंपिकच्या पदकांवर १९२८ पासून एका बाजूस तीच असते. हिवाळी स्पर्धांच्या पदकांना हा दंडक नाही.

प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यानुसार नायकी ही पॅलस हा टायटन (देवांच्या आधीच्या दैवी कुळातील) आणि पाताळातील नदी स्टिक्स यांची मुलगी. देव आणि टायटन यांच्या युद्धात स्टिक्स आपल्या मुलांना घेऊन सर्वांआधी देवांचा राजा झ्यूस याच्याकडे गेली, म्हणून त्या मुलांना कायम झ्यूसपाशी राहण्याचा मान मिळाला. प्राचीन स्पर्धा जिथे होत त्या ऑलिंपियाच्या मंदिरात शिल्पकार फिडिअसने घडवलेल्या झ्यूसच्या मूर्तीच्या उजव्या हातावर नायकी उभी होती. प्राचीन विजेत्याला मात्र पदक मिळत नसे. त्याच्या डोक्यावर रानऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट चढे, आणि ते झाड हेराक्लीझ या पुराणवीराने दूर उत्तरेकडून आणले अशी कथा होती.

१८९६ च्या अथेन्स स्पर्धेच्या पदकावर झ्यूसच्या हातातील गोलावर ती इवलीशी दिसते. १९२८ मध्ये जुझेप्पे कास्सिओली या इटालियन शिल्पकाराने तिला मोठे केले, पण बसवले : एका हातात ताडाची फांदी, दुसऱ्यात मुकुट, आणि मागे चक्क रोमच्या कोलोसियमसारखी वास्तू. ग्लॅडिएटरांच्या रक्ताने भिजलेल्या आखाड्याशी ऑलिंपियाचे काहीच नाते नव्हते, तरी किरकोळ फेरफारांसह हीच रचना २००० पर्यंत चालली.

२००४ मध्ये अथेन्सने ही चूक सुधारली. एलेना व्होत्सी हिच्या रचनेत मागे १८९६ ची स्पर्धा झालेले अथेन्सचे पानाथेनाइक स्टेडियम आले आणि पुढे ऑलिंपियातच सापडलेली, शिल्पकार पेओनिओसची नायकी. इ.स.पू. सुमारे ४२० मधील ही संगमरवरी मूर्ती १८७५ मध्ये उत्खननात मिळाली. मूळची ती रणांगणावरील विजयाची खूण. चेहरा आणि पंख बहुतांशी गेले आहेत, पण वाऱ्याने वस्त्र अंगाला चिकटलेले, डावा पाय पुढे, पायांखाली गरुड : ती आकाशातून उतरते आहे, अजून टेकलेली नाही. बसलेल्या नायकीपेक्षा ही कितीतरी खरी. विजय येतो तसा निघूनही जातो, हे ग्रीक ओळखून होते. अथेन्समधील अक्रोपोलिस या टेकडीवरील नायकीला पंख नव्हते; ती अथेन्स सोडून उडून जाऊ नये म्हणून, असे प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस सांगतो.

खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीत मिळालेल्या कांस्यपदकावर बसलेली नायकी आहे. ते गळ्यात पडले नव्हते, कारण पदके गळ्यात घालण्याची प्रथा १९६० पासूनची. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत मिळवलेल्या कांस्यपदकावर उतरणारी नायकी आहे. तिच्या एका बाजूला अक्रोपोलिस, दुसऱ्या बाजूला आयफेल टॉवर. आणि पदक उलटले की त्याच टॉवरच्या जुन्या लोखंडाचा १८ ग्रॅमचा षटकोनी तुकडा.