एक आडनाव, तीन स्पेलिंगं: वोलोफ लिहिण्यामागचा इतिहास

वोलोफ ही पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलची भाषा. ती शिकायला बसलेला माणूस व्याकरणाआधी स्पेलिंगलाच अडखळतो. सेनेगलमधलं 'न्जाय' हे नेहमीचं आडनाव घ्या. तिथल्या कागदपत्रांत ते फ्रेंच वळणाने एन-डी-आय-ए-वाय-ई असं येतं. इंग्रजांच्या ताब्यात राहिलेल्या शेजारच्या गांबियात तेच एन-जे-आय-ई होतं, तर वोलोफच्या पाठ्यपुस्तकात एन-जे-ए-ए-वाय.

भाषा काही छोटी नाही. सेनेगलमध्ये जन्माने वोलोफ असलेले लोक सुमारे 40 टक्के, पण ती बोलणारे जवळपास दुप्पट. वोलोफ लोकांचं जुनं जोलोफ राज्य 1549 मध्ये फुटलं, तरी भाषा पसरतच गेली. सेंट-लुईचं बंदर, भुईमुगाचा व्यापार, 1885 ची डाकार–सेंट-लुई रेल्वे आणि पुढे राजधानी झालेलं डाकार, या वाटेने ती बाजाराची बोली झाली. कचेरीत मात्र फ्रेंचच.

म्हणजे वोलोफ लिहिलीच जात नव्हती, असं नाही. अरबी अक्षरांत ती लिहिण्याची 'वोलोफल' नावाची रीत जुनी आहे. अमादू बाम्बा यांनी स्थापलेल्या मुरीद या सूफी मुस्लिम पंथात मूसा का यांच्यासारख्या कवींनी तिच्यात दीर्घ काव्यं रचली. आपल्याकडे मोडीत चालायचे तसे दुकानाचे हिशेब आणि खासगी पत्रं वोलोफलमध्ये आजही चालतात. फ्रेंच न येणारा असा लिहिता माणूस सरकारदरबारी मात्र निरक्षरच धरला गेला.

रोमन लिपीतला पहिला मोठा खटाटोप एका शिक्षकाचा. झाँ दार यांनी 1817 मध्ये सेंट-लुईत शाळा काढली. मुलं फ्रेंच नुसतं घोकतात, कळत काहीच नाही, हे पाहून त्यांनी आधी वोलोफमधून शिकवायला घेतलं. त्यांचा कोश 1825 मध्ये आला आणि व्याकरण 1826 मध्ये. ही पद्धत पुढे गुंडाळली गेली आणि शाळा फ्रेंचच्या हवाली झाली.

सेनेगलच्या स्वातंत्र्यानंतर, 1971 मध्ये, सरकारने लेखनाचे नियम ठरवले. त्याच वर्षी लेखक-दिग्दर्शक उस्मान सेम्बेन आणि भाषाअभ्यासक पाथे जान्य यांनी 'काद्दु' हे वोलोफ नियतकालिक काढलं. पुढे 1977 मध्ये सेम्बेन यांचा 'सेद्दो' चित्रपट अडवला गेला. राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांचं म्हणणं, नावात एकच 'डी' हवा. सेंघोर मुळात व्याकरणाचे शिक्षक, त्यामुळे हा हट्ट अगदीच खोटा नसावा. पण चित्रपटातली धर्मप्रसारावर बोट ठेवणारी गोष्ट झोंबली असणार, असंच मला वाटतं. तरी वादात भाषेचा मुद्दा खरा होता. वोलोफमध्ये जोडाक्षराने अर्थ बदलतो, 'गडी' आणि 'गड्डी'सारखा.

शिकण्याच्या साहित्यात ही सगळी वळणं उतरली आहेत. अमेरिकेच्या पीस कोअरने आपल्या स्वयंसेवकांसाठी केलेल्या पुस्तिका फुकट मिळतात आणि त्यांत बोलणं अगदी बाजारातलं असतं. शब्दांसाठी आराम फाल आणि सहकाऱ्यांचा 1990 चा वोलोफ-फ्रेंच कोश चांगला, पण त्याला थोडं फ्रेंच हवं.

मराठी माणसाला दोन गोष्टी सोप्या जातात. बाराखडीत नुसते बसून असलेले ञ आणि ङ इथे रोज लागतात. 'दोन'ला शब्दच 'ञार'. दुसरं, क्रियापद तसंच राहतं आणि भर कशावर आहे त्याप्रमाणे सर्वनामाचं रूप बदलतं. 'देम ना' म्हणजे 'मी गेलो', 'मा देम' म्हणजे 'मीच गेलो'. आपला 'च' जे काम करतो, तेच हे. आकडे मोजताना मात्र पाचाशी थांबावं लागतं: सहा म्हणजे 'जुरोम-बेन', पाच-एक.

कुठलीही पुस्तिका हाती घेतली की आधी 'ञार' शोधावा. सुरुवातीला टोपीवाला एन असेल तर लेखन सेनेगलच्या सरकारी धर्तीचं, एन-वाय असेल तर इंग्रजी वळणाचं, जी-एन असेल तर फ्रेंच. दोन वेगळ्या वळणांची पुस्तकं एकदम उघडू नयेत.