फिनिक्सने ख्रिस पॉलसाठी काय मोजले?

फेब्रुवारीत ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीची, मुदत जवळ आली, किंवा जूनमध्ये ड्राफ्टचा, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा (तळाच्या संघांना साधारणपणे आधी निवडता येते), आठवडा उजाडला, की एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या तळाच्या संघांबाबत तोच वाद नव्याने पेटतो. संघात विशी-बाविशीची तीन-चार गुणी मुले आहेत, पुढच्या वर्षांचे ड्राफ्टमधले निवडीचे हक्क जपून ठेवले आहेत. मग तिशी ओलांडलेला नावाजलेला गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू) आणायचा की आणखी दोन वर्षे हरत राहून वाट पाहायची? आणा म्हणणारे फिनिक्सचा दाखला देतात. आणू नका म्हणणारेही फिनिक्सचाच देतात. पहिल्यांच्या मनात २०२० चा ख्रिस पॉलचा सौदा असतो, दुसऱ्यांच्या मनात २०२३ चा केविन ड्युरंटचा. ही दोन वर्षे एकमेकांत मिसळल्यामुळे या वादाचा जितका विचका झाला आहे, तितका दुसऱ्या कशानेच झालेला नाही.

प्रश्न जुनाच आहे. मिलवॉकीचा संघ १९६८ मध्ये लीगमध्ये आला आणि पहिल्या हंगामात २७ सामने जिंकून ५५ हरला. त्या अपयशाच्या बदल्यात त्याला ड्राफ्टमध्ये लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, मिळाला. १९७० मध्ये संघाने सिनसिनाटीकडून एकतीस वर्षांचा ऑस्कर रॉबर्टसन घेतला, बदल्यात दोन खेळाडू दिले. पुढच्याच हंगामात ६६ विजय आणि विजेतेपद. अनुभवी गार्ड आणण्याच्या बाजूचा हा सर्वात जुना आणि सर्वात स्वच्छ पुरावा. पण तेव्हा सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण मानधनावरची मर्यादा, नव्हती. ती १९८४-८५ च्या हंगामात आली. त्यामुळे या उदाहरणाचा आजच्या हिशेबाला फारसा आधार मिळत नाही.

उलट बाजूचा धडा क्लीव्हलँडने घालून दिला. १९८० च्या सुमारास तिथल्या व्यवस्थापनाने पहिल्या फेरीतले हक्क एकामागून एक बेताच्या खेळाडूंवर उधळले. त्यांतला एक लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला आणि १९८२ मध्ये त्याच हक्कावर पहिल्या क्रमांकाने जेम्स वर्दी निवडला गेला. लागोपाठच्या दोन आगामी वर्षांसाठी पहिल्या फेरीचा हक्कच उरणार नाही असा सौदा करता येत नाही, हा नियम त्या प्रकरणातून आला आणि अजून लागू आहे. ब्रुकलिनने २०१३ मध्ये बॉस्टनकडून ३७ वर्षांचा केविन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स घेताना २०१४, २०१६ आणि २०१८ चे हक्क दिले, शिवाय २०१७ मध्ये बॉस्टनला दोघांच्या हक्कांच्या अदलाबदलीची मुभा दिली. हे तिन्ही हक्क एकाआड एक वर्षाचे, म्हणजे नियमाच्या चौकटीत चोख बसणारे. तरीही बॉस्टनच्या हाती त्यातून जेलन ब्राउन आणि जेसन टेटम आले. गार्नेट आणि पिअर्स गार्ड नव्हते, पण संघमालकांच्या मनात भीती बसली ती याच सौद्यामुळे.

आता फिनिक्स. २०१०नंतर हा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, दिसला नव्हता. २०१८-१९ मध्ये तर अवघे १९ विजय आणि ६३ पराभव. मात्र सलग हरताना संघाने माणसे बरी गोळा केली होती. २०१५ मध्ये तेराव्या क्रमांकावर डेव्हिन बुकर, २०१८ मध्ये पहिल्या क्रमांकावर डिआंद्रे एटन, त्याच रात्री फिलाडेल्फियाकडून मिकाल ब्रिजेस. ब्रिजेस ज्या दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, त्या हक्काचा प्रवास या विषयासाठी मुद्दाम सांगण्याजोगा आहे. तो मुळात लेकर्सचा. २०१२ मध्ये लेकर्सनी ३८ वर्षांचा स्टीव्ह नॅश फिनिक्सकडून घेतला तेव्हा दिलेल्या हक्कांपैकी हा एक. संरक्षणामुळे (ठरावीक वरच्या क्रमांकांत आला तर हक्क मूळ संघाकडेच राहतो, या अटीमुळे) तो वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला, मध्येच २०१५ मध्ये फिनिक्सने तो दुसऱ्या एका गार्डसाठी फिलाडेल्फियाला देऊन टाकला, आणि २०१८ मध्ये त्यातून निवडलेला खेळाडू फिनिक्सने नव्याने किंमत मोजून परत आणला. नॅश तोवर कधीच निवृत्त झाला होता. वयस्क गार्डसाठी दिलेला हक्क किती वर्षांनी आणि कुठे उगवेल याचा नेम नसतो, तो असा.

२०२० च्या उन्हाळ्यात महामारीमुळे हंगाम ऑर्लँडोत बंदिस्त वातावरणात पूर्ण झाला. तिथे फिनिक्सने आठपैकी आठ सामने जिंकले आणि तरी प्लेऑफची संधी थोडक्यात हुकली. ३४ विजय, ३९ पराभव. इथेच निर्णयाचा क्षण आला. बुकर चोविशीत पोहोचला होता. पाच हंगाम खेळून त्याने प्लेऑफचा एक सामनाही पाहिलेला नव्हता. आपल्या सर्वोत्तम खेळाडूची हरण्याची सहनशक्ती कुठवर टिकेल, हा विचार कोणत्याही आकडेमोडीत दिसत नाही, पण पुनर्बांधणी करणाऱ्या संघाच्या बैठकीत सगळ्यात आधी तोच टेबलावर येतो.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी सौदा झाला. ओक्लाहोमा सिटीकडून ख्रिस पॉल आणि एक राखीव खेळाडू आले. फिनिक्सकडून केली ऊब्रे, रिकी रुबियो, दोन तरुण राखीव गार्ड आणि पहिल्या फेरीचा एक हक्क गेला. पॉल ३५ वर्षांचा होता. त्या हंगामाचे त्याचे मानधन सुमारे ४ कोटी १४ लाख डॉलर, पुढच्या वर्षीचे ४ कोटी ४२ लाख. वर्षभरापूर्वीपर्यंत त्याच्या कराराला लीगमधला सर्वात अवजड करार म्हणत होते. मांडीचा स्नायू दुखावल्याने २०१८ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतले शेवटचे दोन सामने तो खेळू शकला नव्हता आणि ३-२ ने पुढे असलेला त्याचा तेव्हाचा संघ ह्यूस्टन हरला होता, हेही कुणी विसरलेले नव्हते.

टीका झाली ती या वयावर आणि या रकमेवर. माझ्या मते ती चुकीच्या जागी झाली. कॅपच्या वर असलेल्या संघाला तेव्हा पाठवलेल्या मानधनाच्या साधारण सव्वापट मानधन घेता येत असे. फिनिक्सने सुमारे साडेतीन कोटींचे करार पाठवून सुमारे ४ कोटी ३० लाखांचे घेतले. पाठवलेल्यांत बुकर नव्हता, एटन नव्हता, ब्रिजेस नव्हता, २०१९ चा कॅम जॉन्सनही नव्हता. म्हणजे गाभ्याला हातच लागला नाही. आणि जो हक्क दिला त्याला कुंपण घातले होते: २०२२ मध्ये तो पहिल्या बारांत आला तर फिनिक्सकडेच राहणार, २०२३ मध्ये पहिल्या दहांत, २०२४ मध्ये पहिल्या आठांत, विनाअट जाणार तो थेट २०२५ मध्ये. सौदा फसून संघ तळाला गेलाच, तर उंच क्रमांकाचा खेळाडू निदान पहिली तीन वर्षे हातचा जाणार नव्हता. ब्रुकलिनने २०१३ मध्ये नेमकी हीच काळजी घेतली नव्हती.

पुढे काय झाले ते चाहत्यांना पाठ आहे. ७२ सामन्यांच्या हंगामात ५१ विजय. पॉल त्यांतले ७० सामने खेळला. लेकर्स, डेन्व्हर आणि क्लिपर्स यांना हरवून संघ अंतिम फेरीत गेला. क्लिपर्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात पॉलचे ४१ गुण. मिलवॉकीविरुद्ध २-० ची आघाडी घेऊन ४-२ ने पराभव. मिलवॉकीनेही २०२० च्या त्याच नोव्हेंबरमध्ये एक अनुभवी गार्ड आणला होता, तीस वर्षांचा ज्रू हॉलिडे. त्यासाठी पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि दोन वर्षांच्या अदलाबदलीची मुभा दिली होती. पाचव्या सामन्यात शेवटच्या क्षणांत बुकरच्या हातातून चेंडू हिसकावून घेणारा हॉलिडेच. रॉबर्टसनच्या १९७१ नंतर मिलवॉकीचे हे पहिले विजेतेपद. फिनिक्सपेक्षा किती तरी महाग सौदा, पण मिलवॉकी पुनर्बांधणीत नव्हते. विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होते. म्हणून तो भाव त्यांना परवडला. फिनिक्सने तेवढाच मोजला असता तर मी आज वेगळे लिहिले असते.

फिनिक्सने दिलेला हक्क २०२२ मध्ये वटला. त्या हंगामात संघाने ६४ सामने जिंकले होते, त्यामुळे हक्क मिळाला तो पहिल्या फेरीतला शेवटचा, तिसाव्या क्रमांकाचा.

एक आक्षेप मात्र खराखुरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पॉलच्या सौद्यानंतर दोनच दिवसांनी ड्राफ्ट झाला. फिनिक्सकडे दहावा क्रमांक होता. त्यांनी उंचपुरा फॉरवर्ड जेलन स्मिथ घेतला. बाराव्या क्रमांकावर सॅक्रामेंटोने टायरीस हॅलिबर्टन घेतला. पुढे तो इंडियानाला गेला (२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत वरळीला प्रदर्शनीय सामने खेळलेले संघ ते हेच दोन) आणि त्याने इंडियानाला २०२५ च्या अंतिम फेरीपर्यंत नेले. पॉल आल्यामुळे गार्डची गरज भागली असे संघाला वाटले आणि वीस वर्षांचा गार्ड सुटला, असा हा आक्षेप. मला तो निम्मा पटतो. ३५ वर्षांच्या माणसाच्या हाताखाली शिकायला वीस वर्षांचा मुलगा ठेवणे यापेक्षा उत्तम योग कोणता? पॉल आणणे ही चूक नव्हती. पॉल आला म्हणून त्या जागेचा पुढचा विचार थांबला, ही चूक होती. अनुभवी गार्ड आणणाऱ्या प्रत्येक संघापुढे हा मोह असतो.

दुसरे, कमी चर्चिले गेलेले बिल २०२१ मध्ये आले. पॉलने कराराचे शेवटचे वर्ष नाकारून चार वर्षांचा, जास्तीत जास्त १२ कोटी डॉलरचा नवा करार घेतला. शेवटची दोन वर्षे पूर्ण हमीची नव्हती, हे संघाचे शहाणपण. पण अंतिम फेरी गाठून देणाऱ्या खेळाडूला नाही कोण म्हणणार? ट्रेडमध्ये दिसते ती पहिली किंमत. दुसरी किंमत यश मिळाले तरच द्यावी लागते आणि तेव्हा घासाघीस करायला वाव नसतो.

मग घसरण. २०२२ मध्ये डॅलसविरुद्ध सातव्या सामन्यात घरच्या मैदानावर १२३-९० असा दारुण पराभव. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या मालकाच्या काळात केविन ड्युरंटसाठी ब्रिजेस, जॉन्सन, पहिल्या फेरीचे चार विनाअट हक्क आणि वर एक अदलाबदल. जूनमध्ये पॉलला पाठवून ब्रॅडली बील. २०२४-२५ मध्ये ३६ विजय, प्लेऑफ नाही. त्या उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला गेला आणि बीलचा करार संघाने पैसे देऊन मोडला. २०२० मध्ये जे जपले त्यातले बरेचसे २०२३ मध्ये एकाच रात्री दिले गेले. हा दोष पॉलच्या सौद्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

ओक्लाहोमा सिटीची बाजूही पाहावी लागते, कारण पॉल तिथे गेला तेव्हा तोही पुनर्बांधणीतलाच संघ होता. २०१९ मध्ये रसेल वेस्टब्रुकच्या बदल्यात ह्यूस्टनने पॉल दिला आणि त्याचा करार उचलल्याबद्दल वर पहिल्या फेरीचे दोन हक्क दिले. म्हणजे अनुभवी गार्ड घेण्यासाठी संघाला हक्क द्यावे लागले नाहीत, उलट मिळाले. त्या एका हंगामात संघ ४४ सामने जिंकला आणि एकवीस वर्षांचा शे गिल्जस-अलेक्झांडर पॉलच्या शेजारी खेळला. वर्ष संपताच पॉलला निरोप, मग २२ आणि २४ विजयांचे दोन कोरडे हंगाम, आणि २०२५ मध्ये इंडियानाला सातव्या सामन्यात हरवून विजेतेपद. तोच गार्ड, दोन तरुण संघ. एकाने त्याला वर्षभर ठेवून सोडले, दुसऱ्याने धरून ठेवले. गिल्जस-अलेक्झांडरला अजून वेळ होता, बुकरला नव्हता. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते, असे मी ठामपणे म्हणेन.

ट्रेड न करता अनुभव आणण्याची वाटही आहे. सॅन अँटोनियोने २०२४ मध्ये त्याच पॉलला एका वर्षाच्या करारावर घेतले. ३९ व्या वर्षी तो ८२ च्या ८२ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. संघाचे विजय २२ वरून ३४ वर गेले आणि हक्क एकही गेला नाही.

लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारानंतर बाजारच बदलला. खर्चाची दुसरी वरची मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला आता दोन-तीन करार एकत्र बांधून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, किंवा पाठवलेल्यापेक्षा जास्त मानधनही घेता येत नाही. त्यामुळे श्रीमंत संघ वयस्क गार्ड सोडू लागले आणि कॅपमध्ये मोकळीक असलेल्या तरुण संघांची बाजू वरचढ झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात बॉस्टनने खर्च कमी करण्यासाठी हॉलिडेला पोर्टलंडकडे पाठवले. पोर्टलंड ३६ विजयांचा, चार वर्षे प्लेऑफबाहेर राहिलेला तरुण संघ. त्यांनी पहिल्या फेरीचा एकही हक्क दिला नाही. गेला तो सव्वीस वर्षांचा अँफर्नी सायमन्स, ज्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. आला तो ३५ वर्षांचा हॉलिडे आणि त्याची तीन वर्षांची सुमारे १० कोटी ४४ लाख डॉलरची देणी, तिसऱ्या वर्षाचा निर्णय खेळाडूच्या हाती. २०२० मध्ये फिनिक्सला हक्काला कुंपण घालावे लागले होते. पोर्टलंडने हक्क दिलाच नाही, त्यांची सारी जोखीम त्या तीन वर्षांत आहे: तोवर त्यांची मुले बुकरच्या वळणावर पोहोचली नाहीत, तर हॉलिडेचा अनुभव ज्यांच्यासाठी आणला त्यांच्या उपयोगी पडण्याआधीच संपलेला असेल.