वैऱ्याच्या घरची सोयरीक : रोमिओ-ज्युलिएटच्या गोष्टीमागचा इतिहास

फ्लॉरेन्समध्ये 1267 साली ग्विदो काव्हालकान्ती या मुलाची सोयरीक फारिनाता देल्यी उबेर्तीच्या मुलीशी जुळली. काव्हालकान्ती पोपच्या बाजूचे, म्हणजे ग्वेल्फ. उबेर्ती पवित्र रोमन सम्राटाच्या बाजूचे, म्हणजे घिबेलिन. आणि फारिनाता तर त्या पक्षाचा म्होरक्या. 1260 मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईत त्याच्या पक्षानं फ्लॉरेन्सच्या ग्वेल्फांची दाणादाण उडवली होती. 1264 मध्ये फारिनाता वारला, दोन वर्षांनी बेनेव्हेन्तोच्या लढाईत पारडं फिरलं आणि ग्वेल्फ शहरात परतले. तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी वैर मिटवायचा जुना उपाय काढला : एकमेकांच्या घरांत लेकी द्यायच्या. ग्विदोचं लग्न हे त्या तहातलं एक कलम होतं. हाच ग्विदो पुढे नामांकित कवी झाला, दान्तेचा जिवलग मित्र झाला. तह मात्र काही महिनेच टिकला. त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास घिबेलिनांना शहर सोडून जावं लागलं.

दान्तेनं आपल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात, नरकाच्या दहाव्या सर्गात, फारिनाता आणि ग्विदोचा बाप काव्हालकान्ते या दोघांना एकाच जळत्या कबरीत ठेवलं आहे. एकमेकांचे वैरी आणि एकमेकांचे व्याही. तिथून जाणाऱ्या दान्तेला काव्हालकान्ते उठून विचारतो, माझा मुलगा कुठे आहे, तो जिवंत आहे ना? उत्तराला जरा उशीर होतो, तेवढ्यात मुलगा गेला असं समजून तो परत आत कोसळतो. शेजारी उभा असलेला फारिनाता मानही वळवत नाही, आपलं राजकारणाचं बोलणं पुढे चालू ठेवतो. ज्याच्यासाठी बाप कोसळला, तो फारिनाताचा जावई. सोयरीक झाली म्हणून मनं जुळली नाहीत, हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की रोमिओ आणि ज्युलिएटची गोष्ट आपण ‘वैऱ्याच्या मुलीवर प्रेम केलं म्हणून ओढवलेलं संकट’ अशी वाचतो. पण वैऱ्याच्या घरची मुलगी करणं त्या काळच्या इटलीत रूढच होतं. भांडणाऱ्या घराण्यांनी नोटरीसमोर करार करायचा, साक्षीदारांदेखत एकमेकांचं चुंबन घ्यायचं, करार मोडणाऱ्याला दंड लिहून ठेवायचा आणि जमलं तर एखादं लग्न लावून द्यायचं, ही तहाची रीत होती. अडचण होती ती ही सोयरीक कुणी ठरवायची याची. तो हक्क बापांचा आणि चुलत्यांचा. मुलांनी तो परस्पर हातात घेतला की जो तह ठरला असता तोच गुन्हा ठरायचा.

ठरलेली सोयरीक मोडली तर काय होतं, तेही फ्लॉरेन्सनं पाहिलं होतं. एका मेजवानीत हाणामारी झाली आणि बुओन्देलमोन्ते नावाच्या तरुण सरदारानं एकाला जखमी केलं. भरपाई म्हणून त्यानं अमिदेई घराण्यातल्या मुलीशी लग्न करायचं ठरलं. पण दोनाती घराण्यातल्या एका बाईनं त्याला बोलावून आपली मुलगी दाखवली आणि तो तिच्यावर भाळला. ठरलेलं लग्न त्यानं मोडलं. अमिदेईंची भर बाजारात अब्रू गेली. 1216 च्या ईस्टरच्या सकाळी पांढऱ्या घोड्यावरून, पांढऱ्या वस्त्रांत तो जुन्या पुलाजवळ आला आणि तिथेच त्याला खाली ओढून मारला. ग्वेल्फ-घिबेलिन फूट फ्लॉरेन्समध्ये शिरली ती या खुनातून, असं बखरकार लिहितात. त्यामागे पोप आणि सम्राट यांची सत्तेची मोठी ओढाताण होती हे खरं. पण शहरातल्या लोकांना आपल्या दुर्दैवाचं मूळ एका मोडलेल्या लग्नात दिसत होतं.

आता व्हेरोनाकडे. 1302 मध्ये हद्दपार झालेल्या दान्तेला व्हेरोनात देल्ला स्काला घराण्यानं आसरा दिला. त्याच महाकाव्यातल्या शुद्धिलोकाच्या सहाव्या सर्गात तो जर्मन राजा आल्बेर्टला बोल लावतो : ये आणि बघ, मोन्तेक्की आणि काप्पेल्लेत्ती, मोनाल्दी आणि फिलिप्पेस्की यांची काय दशा झाली आहे. त्या ओळींत प्रेमाचं अवाक्षरही नाही. मोन्तेक्की व्हेरोनाचे, काप्पेल्लेत्ती हा क्रेमोनाचा गट, आणि उरलेले दोघे ओर्व्हिएतोचे. एका गल्लीत समोरासमोर राहून दोन घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वैर धरलं, हे दान्तेनं कुठेच म्हटलेलं नाही. दुफळीनं पोखरलेल्या देशाची उदाहरणं म्हणून ही नावं त्यानं एका दमात घेतली. पुढच्या वाचकांनी दोन नावं शेजारीशेजारी पाहिली आणि त्यांची दोन शेजारची घरं केली.

प्रेमाची गोष्ट आली ती दुसरीकडून. मासुच्चो सालेर्नितानोचा कथासंग्रह 1476 मध्ये छापला गेला. त्यातल्या तेहेतिसाव्या कथेत सिएनाचा मारिओत्तो आणि त्याची जानोत्सा एका साधूला पैसे चारून चोरून लग्न करतात. मारिओत्तोच्या हातून खून होतो, तो अलेक्झांड्रियाला परागंदा होतो. घरचे लग्नाचा आग्रह धरतात तेव्हा ती झोपेचं औषध घेऊन मेल्याचं सोंग करते. तिचा निरोप घेऊन निघालेल्या माणसाला चाचे पकडतात. सगळा सांगाडा इथे तयार आहे. नाही ते फक्त एकच : या दोन घरांत वैर नाही.

ते वैर कथेत घातलं लुइजी दा पोर्तोनं, आणि ते कुठून आणलं ते त्याच्या आयुष्यात दिसतं. दा पोर्तो व्हिचेन्त्साचा, जन्म 1485. व्हेनिसच्या फौजेत तो हलक्या घोडदळाचा नायक होता आणि 1511 मध्ये ईशान्य इटलीतल्या फ्रिउली प्रांताच्या आघाडीवर होता. सम्राट माक्सिमिलियनशी युद्ध चालू होतं, पण फ्रिउलीत त्याहून जुनी आग धुमसत होती. एका बाजूला सम्राटाकडे झुकलेले जुने सरदार, त्यांना स्त्रुमिएरी म्हणत. दुसऱ्या बाजूला साव्होर्न्यान घराणं आणि त्याला मानणारे शेतकरी व कारागीर, ते झाम्बार्लानी. त्यांचा पुढारी आन्तोनिओ साव्होर्न्यान नात्यानं दा पोर्तोचा मामा.

27 फेब्रुवारी 1511, कार्निव्हलचा गुरुवार. उपासाचे दिवस सुरू होण्याआधीचा खाण्यापिण्याचा, सोंगांचा सण. त्या दिवशी उदिने शहरात आन्तोनिओच्या माणसांनी आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी स्त्रुमिएरींचे वाडे लुटले, पेटवले, हाती लागेल त्या सरदाराला कापलं. मेलेल्यांचे भरजरी कपडे चढवून मारेकरी रस्त्यात सरदारांच्या नकला करत फिरले. प्रेतं उचलायला कुणी धजेना. ती कुत्र्यांनी ओढली. पुढचे काही दिवस आसपासचे गढी-किल्ले जळत राहिले. महिना उलटायच्या आत, 26 मार्चला, मोठा भूकंप झाला आणि लोकांनी त्याला देवाचा कोप म्हटलं. आन्तोनिओ पुढे सम्राटाला जाऊन मिळाला, आणि 1512 मध्ये ऑस्ट्रियातल्या फिलाख इथे वैऱ्यांनी त्याला गाठून मारलं.

हे सगळं पाहिलेल्या दा पोर्तोला त्याच 1511 च्या उन्हाळ्यात लढाईत मानेवर घाव बसला आणि तो जायबंदी झाला. शिपाईगिरी संपली. व्हिचेन्त्साजवळच्या आपल्या घरी बसून त्यानं ही कथा लिहिली. अर्पण केली आहे ‘अतिसुंदर’ लुचिना साव्होर्न्यानला. ती त्याच घराण्याची मुलगी, त्याच्या नात्यातली. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण साव्होर्न्यानांच्या भांडणाऱ्या शाखांत सलोखा व्हावा म्हणून तिला दुसऱ्या शाखेतल्या तरुणाला दिलं, असा तर्क काही इतिहासकारांनी कागदपत्रांच्या आधारे मांडला आहे. मला तो मनापासून पटतो. तो खरा असेल तर भाऊबंदकी मिटवायला केलेल्या एका सोयरिकीनंच दा पोर्तोचं सुख गेलं.

दा पोर्तो 1529 मध्ये वारला, कथा त्यानंतर 1531 च्या सुमारास व्हेनिसला छापली गेली. ती सांगतो पेल्लेग्रिनो नावाचा व्हेरोनाचा तिरंदाज, ग्रादिस्काहून उदिनेकडे घोड्यावरून जाताना. रस्त्याच्या कडेचा मुलूख युद्धानं जळून ओसाड पडलेला. त्या वाटेवर ऐकलेली ही प्रेमकथा आहे. काळ मात्र मागे, 1301 ते 1304 मधल्या बार्तोलोमेओ देल्ला स्कालाच्या राजवटीचा. दान्तेची मोन्तेक्की आणि काप्पेल्लेत्ती ही नावं त्यानं उचलली आणि प्रेमिकांची नावं ठेवली रोमेओ आणि जुलिएत्ता.

त्यातली पहिली भेट शेक्सपिअरच्या भेटीपेक्षा मला जवळची वाटते. काप्पेल्लेत्तींच्या वाड्यात कार्निव्हलची रात्र. रोमेओ अप्सरेचं सोंग घेऊन आलेला, तोही दुसऱ्याच मुलीच्या मागावर. शेवटच्या नाचात सगळे हात धरून गोल करतात. जुलिएत्ताच्या एका बाजूला मार्कुच्चो, ज्याचे हात भर जुलैतही जानेवारीसारखे गार. दुसऱ्या बाजूला रोमेओ. ती म्हणते, तुम्ही इकडे आलात ते बरं झालं. का, तर मार्कुच्चोनं एक हात गोठवला होता, तुमच्या हातानं दुसरा ऊबदार झाला. वैर विसरायला एवढं पुरतं. नंतर घरी ती एकटी विचार करते तेव्हा तिच्या मनात येतं, आमच्या लग्नानं दोन घरांत कायमचा सलोखाही होईल, कोण जाणे. साधू लोरेन्त्सोही याच आशेवर लग्न लावायला तयार होतो. ती भाबडी नाही. आजूबाजूला वडीलधारे जे करत आले तेच ती मनात मांडते आहे. फक्त वडिलांना न विचारता.

आणि तसं करता येत होतं. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून चर्चच्या कायद्यात नवरा-नवरीनं एकमेकांना दिलेला होकार हाच विवाह मानला जाई. आईबापांची संमती हवी अशी अट नव्हती. चोरून लग्न करणं पाप, पण झालेलं लग्न पक्कं. घराण्यांना हे फार सलत असे. 1563 मध्ये ट्रेन्टच्या धर्मसभेनं नियम केला, की आपल्या भागातला पाद्री आणि निदान दोन साक्षीदार हजर नसतील तर लग्न झालंच नाही. म्हणजे दा पोर्तोनं लिहिलं तेव्हा असं लग्न इटलीत वैध होतं. प्रॉटेस्टंट इंग्लंडनं ट्रेन्टचा नियम घेतला नाही. तिथे गुप्त विवाहांना आळा बसला तो 1753 च्या कायद्यानं. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांत मुलगी पळून लग्न करेल या धास्तीनं जगणारे बाप असणारच.

पुढचा प्रवास भराभर झाला. 1554 मध्ये बान्देल्लोनं कथा नव्यानं लिहिली, 1559 मध्ये बोआस्त्युओनं ती फ्रेंचमध्ये आणली आणि 1562 मध्ये आर्थर ब्रुकनं तिचं तीन हजारांवर ओळींचं इंग्रजी काव्य केलं. ब्रुक प्रस्तावनेत प्रेमिकांनाच दोष देतो : थोरामोठ्यांचं ऐकलं नाही, त्याचं हे फळ. फ्रिउलीतलं खरं वैर या वेळेपर्यंत संपलेलं नव्हतं. त्या घराण्यांत अखेरचा तह झाला 1568 मध्ये. मूळ भांडण मिटण्याआधीच त्यातून निघालेली गोष्ट लंडनला पोचली होती.

शेक्सपिअरनं 1595 च्या आसपास नाटक लिहिलं, पहिली छापील प्रत 1597 ची. दा पोर्तोकडे अठरा वर्षांची असलेली मुलगी ब्रुककडे सोळाची झाली होती, ती इथे चौदाही पूर्ण नाही. महिन्यांचं प्रेम मोजक्या दिवसांवर आलं. वैराचं कारण त्यानं सांगितलंच नाही, आणि माझ्या मते नाटकाचं बळ त्यातच आहे : कोणत्याही गावच्या माणसाला त्यात आपल्या गावचं भांडण घालता येतं.

मराठीत ते 1882 मध्ये आलं. नारायण बापूजी कानिटकरांच्या ‘शशिकला आणि रत्नपाल’ या रूपांतरात व्हेरोनाची माणसं आपल्याकडची नावं घेऊन वावरू लागली. दोनच वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंचा खटला उभा राहिला, आणि लहानपणी वडीलधाऱ्यांनी लावून दिलेलं लग्न मोठी झालेल्या मुलीनं नाकारावं की नाही, यावर अवघ्या महाराष्ट्रात वादळ उठलं.