आधी शॉक की आधी स्प्रिंग? सस्पेन्शनमधल्या पहिल्या बदलामागचा इतिहास

पुण्यात हौसेने गाडी चालवणाऱ्यांपैकी एखाद्याने सेकंड-हँड पोर्शे बॉक्स्टर किंवा बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतलेली असते, तर बाकीच्यांकडे चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय किंवा रांजणगावची फियाट अबार्थ पुंटो असते. ताम्हिणी नाहीतर वरंध घाटात एकदा जाऊन आलं की या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: सस्पेन्शनमध्ये पहिलं काय बदलायचं? बऱ्याच गॅरेजमध्ये उत्तरही एकच मिळतं. लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे आखूड आणि कडक स्प्रिंग टाका, गाडी खाली बसेल, वळणात डुलणार नाही. हा सल्ला बहुतेक गाड्यांसाठी चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तरीही तो इतका पक्का का रुजला, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या शर्यतीच्या गाड्यांना पुढेमागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असत. पुढच्या अखंड ॲक्सलखाली मऊ पाटे दिले की वेगात चाकं थरथरू लागत आणि स्टिअरिंग हातात राहत नसे. त्यावर एकच इलाज होता, पाटे कडक करणे. शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक म्हणून हार्टफर्ड पद्धतीच्या घर्षणाच्या चकत्या एकमेकींवर आवळून बसवलेल्या असत. त्यांची अडचण अशी की चाक हळू हलो वा जोरात, विरोध साधारण तेवढाच. किंबहुना थांबलेली चकती हलवायलाच जास्त जोर लागे. त्यामुळे लहान खडबडीवर गाडी ताठ आणि मोठ्या धक्क्यावर शॉक अपुरा. चाकं जवळपास हलतच नसत आणि त्यांच्याऐवजी चासी वाकत असे. ‘कडक म्हणजे स्पोर्टी’ ही समजूत त्या काळातली आहे. तेव्हा ती नाइलाजाने आलेली होती. पुढे तो नाइलाज संपला, समजूत मात्र टिकली.

तो नाइलाज संपवण्यात मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरचा मोठा वाटा आहे. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे आल्यावर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने चाचणीसाठी एक खास गाडी बांधून घेतली. तिच्यावरची वजनं पुढेमागे सरकवता येत, स्प्रिंगा बदलता येत. मागच्यापेक्षा पुढची स्प्रिंग मऊ असेल तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडी पुढेमागे झोके घेत नाही, सपाट राहते, हे त्यातून दिसलं. पण पुढची स्प्रिंग एवढी मऊ करायची तर अखंड ॲक्सल काढणं भागच होतं. १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने पुढची चाकं स्वतंत्र केली. मर्सिडीजने आदल्याच वर्षी ३८० या गाडीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग दिलं होतं.

आता चाकाला हलू देऊन ताब्यात ठेवणं शक्य झालं. याचा स्पोर्ट्स कारसाठी सगळ्यात धीट वापर लोटसच्या कॉलिन चॅपमनने केला. १९६२ ची एलान वजनाला ७०० किलोच्या आत. मधोमध कण्यासारखी ताठ चासी, स्प्रिंगा मऊ, चाकांना वर-खाली जायला भरपूर जागा आणि त्या हालचालीवर शॉकचा नेमका लगाम. वळणात ती झुकत असे, तरी तिच्या रोड-होल्डिंगचं उदाहरण आजही दिलं जातं. मला यातला मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. गाडी वळणात किती झुकते आणि टायर रस्त्याला किती धरून राहतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नजरेला दिसते, म्हणून गिऱ्हाईक तिच्यावर पैसे खर्च करतं.

शॉकचं काम काय, हेही त्याच काळात नीट उलगडत गेलं. स्प्रिंग उसळते, शॉक ती उसळी शमवतो, आणि दोघांचं गणित एकमेकांत अडकलेलं असतं. स्प्रिंगचा कडकपणा ३० टक्क्यांनी वाढवला तर उसळी पूर्वीइतकीच शमवायला शॉकचा विरोध साधारण १४ टक्क्यांनी वाढवावा लागतो, कारण हे नातं वर्गमुळाचं आहे. कंपनीचे जुने शॉक तसेच ठेवून फक्त स्प्रिंग कडक केली की वाढीव जोर आवरायला कोणीच नसतं. द्रुतगती मार्गावरच्या काँक्रीटच्या सांध्यांवर गाडी टपटप उडते, ती त्यामुळेच.

साध्या दोन नळ्यांच्या शॉकमध्ये सतत खड्डे मिळाले की तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि पकड सैल पडते. फ्रान्सच्या द कार्बोन यांनी एकाच नळीत दाबाखालचा वायू तेलापासून वेगळा ठेवून यावर तोड काढली. बिल्स्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी असे शॉक मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. कोनीचे कमी-जास्त करता येणारे शॉक शर्यतवाल्यांच्या आवडीचे झाले. १९६५ मध्ये कॅरोल शेल्बीने फोर्ड मस्टँगवरून जीटी ३५० बनवली, तेव्हा कोनीचे शॉक, पुढे एक इंच जाडीचा अँटी-रोल बार (वळणातलं झुकणं आवरणारा दांडा) आणि वरच्या विशबोनची जागा खाली, हे सगळं एकत्र केलं. नुसती गाडी खाली बसवून तो थांबला नाही.

कारखान्यांनी स्वतःच्या चुका दुरुस्त करताना कशाला हात घातला, तेही पाहण्यासारखं आहे. शेव्हरोले कॉर्व्हेअरची मागची चाकं जोराच्या वळणात आत दुमडत. १९६४ मध्ये कंपनीने पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवा पाटा कायमचा दिला. पोर्शेच्या सुरुवातीच्या ९११ चं नाक हलकं पडे, म्हणून पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत प्रत्येकी ११ किलोचं बिडाचं वजन बसवलं गेलं. १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, मग ती वजनं लागेनाशी झाली. दोन्हीकडे विचार होता तो पुढच्या आणि मागच्या टायरवर किती भार येतो याचा.

आपल्या गाड्यांना सगळ्यात जास्त लागू पडणारी गोष्ट मात्र अर्ल मॅकफर्सनची आहे. त्याचा स्ट्रट १९४९-५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आला. स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात, खाली एक आर्म. स्वस्त, आटोपशीर आणि आडव्या इंजिनाला जागा करून देणारा. पिंपरीच्या इंडिकापासून चाकणच्या पोलोपर्यंत सगळ्यांना पुढे हाच. याच्या भूमितीत एक मेख आहे. गाडी खाली बसवली की खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक वर उचललं जातं आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. गुरुत्वमध्य थोडा उतरतो, पण गाडीला झुकवणारी तरफ लांब होते. म्हणजे चाळीसेक मिलिमीटर खाली गेलेल्या गाडीत कडक स्प्रिंगचा बराचसा फायदा तिथेच खर्ची पडतो. शिवाय चाकाचा वर जाण्याचा प्रवास कमी होतो. ऐन वळणात खड्डा आला की शॉक बंप स्टॉपवर (प्रवासाच्या टोकाच्या रबरी ठोकळ्यावर) आदळतो, कडकपणा एकदम वाढतो आणि टायरची पकड सुटते. आपल्या घाटांत ही परिस्थिती रोजची आहे.

भारतात या सगळ्याचा प्रत्यक्ष अनुभव उशिरा आला. कित्येक दशकं मुख्यतः पद्मिनी आणि अँबॅसिडर यांच्यातूनच निवड. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींसाठी ज्यांनी फियाट तयार केल्या, त्यांनी मिळेल त्या भागांवर काम केलं. पुण्याकडे उद्योग होता, १९६६ पासून वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था होती, सुट्या भागांसाठी नाना पेठ होती. चाकणचा फोक्सवॅगन कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, २०१३ मध्ये जीटी टीएसआय आली, २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ. हौशी तरुणाच्या आवाक्यातली वेगवान गाडी पहिल्यांदाच गावात बनत होती. त्याच सुमारास इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं बाहा आणि सुप्रा या विद्यार्थ्यांच्या गाडी-बांधणी स्पर्धांसाठी स्वतः सस्पेन्शन आखू लागली होती. पण बाजारात सगळ्यात सहज मिळणारी आणि फोटोत दिसणारी वस्तू लोअरिंग स्प्रिंगच होती.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात बदल करायला मज्जाव करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक भूमिका घेतली. त्यामुळे उंची बदलणारा कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र संच) लावायचा तर या कलमाचा विचार आधी करावा. मूळ उंची राखणारे चांगले शॉक तेवढे नजरेत येत नाहीत, हे खरं. मी ते सुचवतो ते मात्र वर सांगितलेल्या कारणांसाठी.

क्रम असा लावावा. पहिला खर्च टायरवर. मिशलिनने १९४० च्या दशकाच्या अखेरीस रेडियल टायर आणला तेव्हापासून गाडीच्या वागण्यात टायरइतका फरक दुसऱ्या कुठल्याच एका भागाने पडत नाही. मग अलाइनमेंट, तेही टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली) आणि कॅम्बरचे (ती किती तिरकी उभी) आकडे कागदावर मागून घेऊन. त्यानंतर शॉक. स्प्रिंग शॉकच्या बरोबर किंवा नंतर, आणि उतरवायचीच तर १५-२० मिलिमीटरच्या पुढे नको. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे जाड अँटी-रोल बार लावला की तिचं नाक वळणात छान आत येतं. पण जुलैतल्या ताम्हिणीत, पाणी वाहत्या डांबरावर, तोच बार मागचा भाग अचानक सोडू शकतो. म्हणून तो शेवटी.

सेकंड-हँड बॉक्स्टरवाल्याने तर यातलं काहीच विकत घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवावी आणि आर्मच्या सांध्यातले रबरी बुश, बॉल जॉइंट, शॉकच्या वरची माउंट तपासून घ्यावीत. दहा-पंधरा वर्षांत रबर फुटतं, आर्म आपल्या जागेवर राहत नाही, आणि केलेलं अलाइनमेंट पहिल्या ब्रेकला बदलतं. तिथे मूळ मापाचं नवं रबर बसवलं की पोर्शेच्या इंजिनिअरांनी आखलेली गाडी परत हाताला लागते. नवा भाग हवाच आहे का, हे ती गाडी चालवून ठरवता येतं.