अर्थशास्त्र मेजर घ्यायचं की मायनर? बी.ए.चा प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

बारावीचा निकाल लागला की फोन येतात. 'पोरीला इकॉनॉमिक्स घ्यायचंय, पण फॉर्मात मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) असे दोन रकाने आहेत. कुठल्यात टाकू?' पालक कागदपत्रं गोळा करायला आठवडा घालवतात आणि हा रकाना सायबर कॅफेवाल्याला विचारून दोन मिनिटांत भरतात. म्हणून आधी त्याच्याबद्दल.

नव्या शैक्षणिक धोरणाचा श्रेयांक (क्रेडिट) आराखडा महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. मेजरच्या वाट्याला त्यातले साधारण निम्मे येतात, मायनरच्या वाट्याला १८ ते २०. तासिकेच्या एका श्रेयांकाला सत्रात १५ तास धरतात. म्हणजे मेजर घेतलं तर तीन वर्षांत अर्थशास्त्राचे नऊशेच्या आसपास तास, मायनर घेतलं तर तीनशेच्या आत. मायनरमध्ये मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, बँका आणि चलन यांची ओळख होते. अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्रीय विश्लेषण) किंवा विकासाच्या सिद्धान्तांत खोल जायचं तर मेजरच हवं. फॉर्मात ओपन इलेक्टिव्ह नावाचा आणखी एक रकाना असतो. तो दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा पेपर चाखण्यापुरता आहे. त्यात 'अर्थसाक्षरता' दिसली म्हणून अर्थशास्त्र मिळालं असं समजू नका.

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने घेता येतात आणि त्यांतला मेजर कुठला, मायनर कुठला हे दुसऱ्या वर्षी ठरतं. तुमच्याकडे अशी सोय असेल तर घाई करू नका, मात्र तीन विषयांत अर्थशास्त्र असलंच पाहिजे. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत विषयांचे गट छापलेले असतात, ते पान नीट वाचा. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्ही हवं असतं आणि नेमके ते दोन विषय एकाच तासिकेला लावलेले असतात, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

पात्रता सोपी आहे. बी.ए.साठी कुठल्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण चालतं. विज्ञान-वाणिज्यवाले येऊ शकतात आणि अकरावी-बारावीला अर्थशास्त्र नसलं तरी सहसा अडत नाही. उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभाही बऱ्याच ठिकाणी आहे. खरी अडचण गणिताची. बी.ए.च्या प्रवेशाला गणित लागत नाही, पण पुढे सीमान्त खर्च (आणखी एक नग बनवण्याचा वाढीव खर्च) काढताना विकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, येतं, आकडेवारी तपासताना संख्याशास्त्र येतं. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला तर सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. पुण्याच्या गोखले संस्थेत (स्थापना १९३०) अर्थशास्त्राची बी.एस्सी. आहे. तिकडे जायचं तर आकडेमोडीची तयारी ठेवूनच जा. दहावीनंतर गणित सोडलेल्या मुलांना मी मेजर घेऊ नका असं म्हणत नाही, पण सुट्टीत अकरावीचं पुस्तक उघडा एवढं जरूर सांगतो.

भारतीय अर्थसेवेचं (आयईएस) स्वप्न असेल तर एक लक्षात ठेवा. त्या परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०. मायनरच्या जोरावर चांगल्या ठिकाणी एम.ए.ला प्रवेश मिळेल का, हे त्या त्या संस्थेच्या अटींवर ठरतं. त्या अटी आत्ताच वाचून ठेवा.

आता अर्ज. मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते आणि तिची प्रत जोडून महाविद्यालयाचा वेगळा अर्ज भरायचा. मेरिट लिस्टमध्ये नाव लागलं की ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून जागा पक्की करायची. मुदत चुकली की जागा पुढच्या यादीत जाते.

कागदांत दहावी-बारावीची गुणपत्रिका, कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो हे नेहमीचं. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, आणि इतर मागासवर्गासाठी नॉन-क्रिमीलेअर. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सीबीएसई किंवा परराज्यातल्या मंडळातून आलेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट (आधीच्या मंडळाचा स्थलांतराचा दाखला) आणि विद्यापीठाची पात्रता तपासणी, म्हणजे एलिजिबिलिटी, करून घ्यावी लागते. कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढून ठेवा, कारण मूळ प्रत महाविद्यालय ठेवून घेतं.

एबीसी आयडी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या खात्याचा क्रमांक, नवा आहे, म्हणून राहून जातो. डिजीलॉकरवर आधारने लॉगिन करून हा बारा आकडी क्रमांक काढायचा. तुमचे श्रेयांक त्याच खात्यात जमा होतात. माझ्या भाच्याच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, गुणपत्रिकेवर नुसतं आद्याक्षर. त्या एका अक्षरापायी आयडी जुळेना आणि आधार दुरुस्त व्हायला तीन आठवडे गेले. निकालाची वाट न बघता दोन्हींवरचं स्पेलिंग आजच शेजारी ठेवून तपासा.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर वेगळा भरायचा असतो. प्रवेश झाला म्हणजे तो आपोआप होत नाही. राजर्षी शाहू महाराज शुल्क प्रतिपूर्ती योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत चालतं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते, तेव्हा तो मे महिन्यातच काढलेला बरा. मुलींना पूर्ण शुल्कमाफी मिळते असं २०२४ साली पेपरात आलं होतं, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बी.ए. त्यात येत नाही.

वर्ग सुरू झाल्यावर विषय बदलायला थोडे दिवस मिळतात, ते सूचनाफलकावर लावतात. बदल हवा असेल तर कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी सांगून ठेवलेला बदल परीक्षेच्या फॉर्मात दिसत नाही.